म्या

देवमन गेला त्या सकाळी सव्वानऊ वाजले होते. अकोल्याच्या एमआयडीसीतली सरकीच्या तेलाची मिल. पाळी संपवून बॉयलरवरून उतरलेला देवमन तोंड धुवायला नळाकडे निघाला होता आणि त्याच्या डोक्यावर चार मीटरवर वाफेचा पाइप फाटला. आवाज शेजारच्या तीन कारखान्यांत ऐकू गेला. दहा किलो दाबाची वाफ दिसत नाही. भोकातून निघाली की हातभर ती हवेसारखीच नितळ असते, पांढरी होते ती पुढे. देवमनला ती दिसलीच नसणार. पाइपावरचा पत्रा उडून त्याच्या खांद्यात घुसला, तो खाली बसला आणि वाफ त्याच्यावर सुटली. बॉयलर बंद करून त्याला ओढून काढलं तेव्हा ज्यानं दंड धरला त्याच्या हातात दंडाची कातडी आली. दवाखान्यात पोचेपर्यंत तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. दहा वाजता तो मेला.

हे सगळं मला मिलचे मालक भगवंतराव यांनी फोनवर सांगितलं. मी अमरावतीत होते. ती लाइन माझी होती. म्हणजे पाइप मिलचा, पण त्यातला ताण माझा.

हे माझं काम लोकांना समजत नाही. कुंदामामी दर दिवाळीत विचारते, ‘पाइपाले कायचं टेन्शन वो बाई?’ तिला मी सांगते की लोखंड तापलं की वाढतं. साठ मीटरचा पाइप वाफेनं तापला की अर्धी वीत लांब होतो. त्याला कुठे धरायचं आणि कुठे मोकळं सोडायचं, हे मी काढून देते. वाढायला जागा मिळाली नाही तर पाइप आपली जागा कुठेतरी दुसरीकडे करून घेतो, आणि ती कुठे हे तो आपल्याला विचारून ठरवत नाही. मामी म्हणते, मंग माणसासारकंच हाये की.

बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. दोन तासांचा रस्ता मी दीड तासात कापला. वाटेत एका ट्रकवाल्याला आईवरून शिवी दिली. माझं नाव रागिणी आहे आणि राग माझ्या नाकावर असतो. आमचे वडील वकील होते, त्यांचाही तसाच. मी सात वर्षांची असताना लोणच्याची बरणी फोडली होती. कोणी फोडली, म्हणून वडिलांनी विचारलं. मी आमच्या कामवाल्या बाईकडून शिकलेलं उत्तर दिलं, ‘म्या.’ थोबाडीत बसली. बरणीसाठी नाही, त्या शब्दासाठी. वकिलाच्या घरात ‘मी’ म्हणायचं, ‘म्या’ म्हणायला आपण काय बैलबंडी हाकतो? तेव्हापासून माझी मराठी पुण्याला शोभेल अशी झाली. हात मात्र वडिलांचा राहिला. साइटवर मी दोन जणांना मारलेलं आहे, दोघांनीही सेफ्टी बेल्ट काढला होता, आणि मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नव्हता.

मिलच्या आवारात शंभरेक माणसं होती. मशिनं बंद होती. नळाजवळची फरशी ओली होती आणि तिथे देवमनची एक चप्पल होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि वर पाइपाकडे पाहिलं. आठव्या खांबाजवळ, जिथे मोठ्या पाइपातून लहान फाटा निघतो, तिथे सांधा तोंड उघडून पडला होता. पण पाइप तिथे फाटायचं काही कारणच नव्हतं. मी लाइनीखालून चालत निघाले. सातव्या आणि आठव्या खांबाच्या मधे पाइप एका बाजूला पोट काढून वाकला होता. म्हणजे पुढे कुठेतरी तो अडला होता.

अडला होता बाराव्या खांबावर. तिथे पाइपाच्या पोटाला एक लोखंडी पाया असतो, त्याला आम्ही शू म्हणतो. तो शू खालच्या तुळईवर नुसता टेकलेला असतो. पाइप तापला की तो पुढे सरकतो, गार झाला की मागे येतो. सरकण्यासाठीच तो आहे. मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं. शूच्या दोन्ही बाजूंनी वेल्डिंगची जाड, सरळ, सुरेख रेघ होती. तुळईला पक्का करून टाकलेला शू. आठ महिने रोज सकाळी तापताना पाइप त्या जागी धडका देत होता आणि रोज गार होताना उलटा ओढत होता. धडक त्या वेल्डला पेलली, सांध्याला नाही.

ती रेघ कोणाच्या हातची हे मला खालूनच कळलं. अशी रेघ आमच्याकडे एकच माणूस ओढतो. नितेश, भातकुलीचा. सहा वर्षं माझ्या प्रत्येक कामावर तोच होता. त्याच्या वेल्डवर मी डोळे मिटून सही करत असे.

तो तिथेच उभा होता, लोकांच्या मागे. दुसऱ्या एका कामावर होता, बातमी ऐकून धावत आलेला. मी त्याला पुढे बोलावलं. मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला.

“हे कोणी केलं?”

“म्या...” तो म्हणाला.

पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. अशी मारली की त्याचं हेल्मेट उडून फरशीवर गेलं. आणि वर मी ओरडले, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं, की याच्या एका वेल्डनं माणूस मारला. हे माझे शब्द आहेत. आठवून आठवून पाहिलं, दुसरे निघत नाहीत.

देवमनचा थोरला भाऊ बुधाजी त्याच मिलमध्ये पोती उचलतो. भावाला शवागारात ठेवून तो नुकताच परतला होता, सोबत गावची दहा-बारा माणसं. तोपर्यंत त्यांना रागवायला माणूस सापडला नव्हता. मालक मोठा, पाइप निर्जीव. मी त्यांना माणूस दाखवला.

पहिली लाथ कोणी मारली ते मला दिसलं नाही. नितेश खाली पडला आणि दिसेनासा झाला. नुसते पाय दिसत होते, आणि पायांमधून त्याचा निळा शर्ट. त्याला केसांना धरून वजनकाट्यापर्यंत ओढत नेलं. एकानं त्याच्या छातीवर गुडघा दिला. बुधाजीच्या हातात पाइप पाना होता, हातभर लांबीचा. तो एकदाच बोलला, ‘कोनत्या हातानं केलं रे?’ आणि नितेशनं, मार खाणारा माणूस जसा काहीही करतो तसं, उजवा हात वर केला. तोंड झाकायला केला असेल. दोघांनी तो हात काट्याच्या लोखंडी पट्टीवर दाबून धरला. बुधाजीनं पाना खाली आणला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी आवाज वेगळा आला, ओलं लाकूड मोडावं तसा. मी हातोड्यानं लोखंड ठोकणारी बाई आहे, पण तो आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

मी थांबा म्हणून ओरडले, असं मला वाटतं. ओरडले नसेनही.

पोलीस आले तेव्हा गर्दी पांगली होती. कोणी मारलं, हे कुणीच पाहिलं नव्हतं. भगवंतरावांनीही पाहिलं नव्हतं. नितेशला दवाखान्यात नेलं आणि त्याच्या खाटेशी हवालदार बसवला, कारण आरोपी तोच होता. निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा गुन्हा. ठाणेदारांनी मला नीट समजावून सांगितलं की तुम्ही कारण लिहून दिलंत की संपलं, बाकी आमचं आम्ही पाहतो. भगवंतराव म्हणाले की मॅडम, संध्याकाळपर्यंत द्या. सगळ्यांना ते आवडलं होतं. फुटलेला पाइप, चुकलेला वेल्डर, मोडलेला हात. कुठे काही शिल्लक राहत नव्हतं.

दुपारी मी शिडी लावून वर चढले. आधी फुटलेला सांधा पाहिला. पॉलिश पेपरनं कडा घासली, भिंगातून बघितलं. तुटलेल्या तोंडावर एकाआत एक रेषा होत्या, तिफणीनं शेतात काढलेल्या तासांसारख्या जवळजवळ. प्रत्येक रेष म्हणजे भेग थोडी पुढे गेल्याची खूण. बाहेरच्या जुन्या रेषा गंजून काळ्या पडल्या होत्या, आतला शेवटचा तुकडा त्या सकाळचा, लख्ख करडा. पाइप एका दिवसात मेलेला नव्हता. आठ महिने मरत होता, आणि देवमन रोज त्याच्या खालून जात होता.

मग मी बाराव्या खांबावर गेले, वेल्डचे फोटो घ्यायला. खालून न दिसणारी तुळईची एक बाजू असते. तिथे पांढऱ्या पेंटनं, नितेशच्या शाळकरी अक्षरात लिहिलं होतं:

‘१२ पक्का केला. म्याडम. २६/५.’

ही आमच्याच साइटवरची पद्धत आहे, मीच लावलेली. नकाशात नाही असं काही केलं तर ते कोणाच्या सांगण्यावरून केलं, त्याचं नाव तिथल्या तिथे लोखंडावर लिहायचं. म्हणजे पुढे कुणी कुणावर ढकलणार नाही.

सव्वीस मे. माझी भाची श्रावणी हिची सोयरीक होती त्या दिवशी, चांदूर बाजारला. मुलाकडचे आले होते, पंख्याखाली तीस माणसं, सुपारी फोडायची घाई, आणि जो तो एकच विचारत होता, मग पक्कं ना? पक्कं समजायचं ना? त्यात नितेशचा फोन. बारावा खांब तात्पुरता उभा केला होता आणि त्याची कायमची जागा दोन आठवडे लटकलेली होती, कारण तिथे मधे गटार आलं होतं. मी म्हटलं होतं, सांगते. तो फोनवर म्हणाला, ‘म्याडम, बारा नंबरचं पक्कं करू काय?’ मला वाटलं जागेचं विचारतो आहे. मी हसत म्हटलं, ‘करून टाका पक्कं,’ आणि फोन ठेवून पेढा तोंडात टाकला.

तो जागेचं विचारत नव्हता. पहिल्या चाचणीत पाइप तुळईवर सरकताना भगवंतरावांनी पाहिला होता आणि भर आवारात नितेशची टर उडवली होती की नवीकोरी लाइन आन् हालते कशी, हे कायचं काम? आमच्याकडे हलणारी वस्तू म्हणजे कच्चं काम. दार हललं की पाचर ठोकतात, खाट हलली की दोरी आवळतात. बाकीच्या खांबांवर शू पत्र्याआड होते, बारावाच तेवढा उघडा, सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारा. तरी नितेशनं आपल्या मनानं काही केलं नाही. मला विचारलं. आणि काम संपल्यावर मी तपासायला आले तेव्हा ऊन होतं, गुडघा दुखत होता, म्हणून मी लाइन खालून पाहिली आणि सही केली. वर चढले असते तर हे अक्षर तेव्हाच वाचलं असतं.

आता खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. माझ्या हातात पॉलिश पेपर होता. खाली आवारात कुणी नव्हतं. सगळं खोडायचीही गरज नव्हती. ‘म्याडम’मधली शेवटची दोनच अक्षरं घासली असती तर तुळईवर उरलं असतं, ‘१२ पक्का केला. म्या.’ मी केला. त्याच्या अक्षरात त्याचाच कबुलीजबाब. सकाळी शंभर माणसांसमोर तो तेवढंच बोलला होता. तेव्हा तो ‘म्या’ म्हणाला होता की ‘म्याडम’ म्हणत होता, ते मी थोबाडीत मारून अर्धंच ठेवलं होतं. आता दुसऱ्यांदा तेच करायचं होतं, फक्त पेपरनं.

मी पेपर ‘ड’वर टेकवला आणि एकदा ओढला. ‘ड’चं पोट पुसट झालं. बोटांवर पांढरा भुगा आला. तेव्हा मला बरणी आठवली. सात वर्षांची असताना कोणी फोडली म्हणून विचारल्यावर मी अर्ध्या श्वासात खरं बोलले होते. मार खाल्ला तो शब्दाचा, खोटं बोलल्याचा नाही. शुद्ध बोलायला शिकता शिकता मी दुसरंही काही शिकले होते. मला स्वतःची इतकी किळस आली की पेपर चुरगाळून खाली फेकला.

मग फोटो काढला. अर्ध्या घासलेल्या ‘ड’सकट.

ठाणेदारांना मी तो मोबाइलवर दाखवला आणि जबाब लिहून दिला. त्यांना तो आवडला नाही. भगवंतरावांना तर अजिबातच नाही, ते म्हणाले, तुम्ही आता दमलेल्या आहात, उद्या बोलू. मी म्हटलं, हात उद्या जोडून येणार आहे का? आणि दवाखान्यात गेले.

नितेशच्या तोंडाचा आकार राहिला नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, बोटांची टोकं काळीनिळी. डॉक्टर म्हणाले होते की हात राहील, पण पकड येईल याची खात्री नाही. वेल्डरची पकड म्हणजे काय, ते मी डॉक्टरला सांगत बसले नाही. खाटेजवळ उभी राहिले. तुळईवरचं वाचलं, एवढंच म्हटलं.

त्यानं एक डोळा उघडला. दुसरा उघडत नव्हता.

“सकाळीच का नाही बोललास? मार पडत होता तेव्हा तरी?” मी विचारलं. विचारतानाही माझा आवाज चढलाच, तो कधी खाली येणार देव जाणे.

“म्या बोलूनच राह्यलो होतो,” तो म्हणाला. ओठ फाटल्यामुळे शब्द जाड येत होते. “मंग तुमी मारलं. मले वाटलं, आता म्याडमले आठवन येईन. आता सांगतीन. म्हनून थांबलो.”

मला रडू आलं. हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. नितेश म्हणाला की वेल्ड त्याचंच होतं, त्यात खोटं काही नाही, आणि रेघ चांगली बसली होती ना, तुटली तर नाही? मी म्हटलं, नाही, तुझं वेल्ड तुटलं नाही. त्याला बरं वाटलं. मला ते ऐकवेना, म्हणून मी बाहेर आले.

शवागार दवाखान्याच्या मागच्या अंगाला. देवमनला अजून मोकळं केलं नव्हतं. बाहेरच्या दगडी ओट्यावर बुधाजी एकटा बसला होता, बाकीचे चहाला गेले असावेत. मांडीवर हात उघडे ठेवलेले. उजव्या हाताच्या नखांत सुकलेलं रक्त होतं, ते भावाचं होतं की नितेशचं, त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. मला पाहून तो उठला. सकाळी मी त्याच्या बाजूनं हात उचलला होता, म्हणून त्याला माझ्याबद्दल आदर वाटत होता. ‘बसा बाई,’ म्हणाला, आणि फडक्यानं ओटा पुसला.

मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, सोपं करून. तो पाइप हलायला हवा होता. त्याला बांधला, म्हणून फाटला. बांधणारा नितेश, पण त्यानं मनानं बांधला नाही. विचारून बांधला.

माझं संपल्यावर बुधाजीनं विचारलं, “मंग त्याले पक्कं कर म्हनून कोनं सांगतलं?”

चाळीस वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता. कॉलेजात नाही, साइटवर नाही, चिडल्यावरसुद्धा नाही.

“म्या,” मी सांगितलं.

मी तिथेच उभी राहिले. तो मारणार याची मला खात्री होती आणि मला ते हवंही होतं, हे कबूल करते. पाना कुठे ठेवला असेल असंही मनात आलं. पण बुधाजी माझ्याकडे बघतच नव्हता. स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होता.

“मंग म्या त्याचा हात काहून तोडला?”

“मी आधी मारलं म्हणून,” मी म्हटलं.

तो खाली बसला. उजव्या हाताची मूठ केली आणि ओट्याच्या दगडी कडेवर आपटली. मला वाटलं, शोक आहे, एकदाच करेल. त्यानं पुन्हा आपटली. मग पुन्हा, तोंडातून आवाज न काढता, मोजून मारल्यासारखी. चौथ्या वेळी दगडावर रक्त दिसलं आणि सकाळचा तो आवाज मला आत्ताच ऐकू येऊ लागला. मी धावले आणि त्याचा हात मनगटात धरला. पोती उचलणाऱ्याचा हात तो, मला झटकून पुन्हा खाली गेला, या वेळी माझीही बोटं मधे सापडली. मी सोडला नाही. त्याच्या दंडावर सगळी लोंबकळले आणि ओरडत राहिले, पुरे, आता पुरे. या वेळी मी ओरडले हे मला नक्की माहीत आहे, कारण हवालदार आतून धावत आला. तो हात थांबवायला आम्ही दोघं लागलो.